सदृश शब्द, विसदृश अर्थ : इंग्रजीतील शब्दजोड्यांचा गोंधळ आणि मानेसरचा पडताळा

१. प्रास्ताविक

इंग्रजी शिकणाऱ्याला छळणाऱ्या शब्दांच्या याद्या आपल्याकडे शतकाहून अधिक काळ शालेय व्याकरणपुस्तकांच्या शेवटी छापल्या जात आहेत. ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’, ‘प्रिन्सिपल’ नावाचे दोन वेगळे शब्द, ‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘अ‍ॅडव्हाइझ’, ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’ या जोड्या पाठ करायच्या आणि परीक्षेत गाळलेल्या जागा भरायच्या, अशी ही परंपरा आहे. या परंपरेने एक समज दृढ केला. या जोड्यांतील गोंधळ म्हणजे शिकणाऱ्याचा निष्काळजीपणा. त्याचा परिणाम फार तर लाल शाईची एक खूण. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. एकाच यादीत बसवलेल्या या जोड्या वस्तुतः तीन भिन्न प्रकारच्या आहेत. त्यांतील काही केवळ रोमन लिपीच्या पोटी जन्मलेल्या आहेत. काही इंग्रजीच्या अर्थविकासाचा इतिहास सांगतात. आणि काही जोड्या अशा आहेत की त्यांचा गोंधळ भाषांतरातून मराठी-हिंदीत उतरतो आणि तेथे माणसाची जमीन, मजुरी व प्रतिष्ठा यांच्याशी जाऊन भिडतो.

या तिसऱ्या प्रकाराचा पडताळा पाहण्यासाठी मानेसर हे स्थळ निवडले आहे. हरियाणातील गुरुग्राम जिल्ह्यात, दिल्ली-जयपूर महामार्गावर वसलेले हे गाव गेल्या काही दशकांत औद्योगिक नगर झाले. येथील शेतकऱ्याची बोली हरियाणवी, कारखान्यात आलेल्या कामगारांच्या बोली अनेक, सार्वजनिक व्यवहाराची भाषा हिंदी आणि करारमदार, अधिसूचना व निकालपत्रे यांची भाषा प्रामुख्याने इंग्रजी. अशा ठिकाणी एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द येणे ही घटना व्याकरणाच्या तासापुरती राहत नाही.

२. लिपीने घडवलेला गोंधळ

पहिला प्रकार समोच्चारी शब्दांचा. ‘प्रिन्सिपल’ हा उच्चार इंग्रजीत दोन शब्दांचा आहे. एकाचा अर्थ तत्त्व. दुसऱ्याचे अर्थ प्राचार्य, मुद्दल आणि विशेषण म्हणून ‘मुख्य’. इंग्रजी लिहिणारा येथे अडखळतो, कारण भेद फक्त अंत्य अक्षरांत आहे. मराठी भाषकाच्या मनात मात्र तत्त्व, प्राचार्य आणि मुद्दल या तीन कल्पनांची सरमिसळ होण्याचे काहीच कारण नाही. ‘स्टेशनरी’चेही तसेच. लेखनसाहित्य आणि स्थिर असणे या दोन अर्थांचे दोन इंग्रजी शब्द एका स्वराने वेगळे ठरतात; देवनागरीत लिहिले की तो भेद नाहीसा होतो. म्हणजे ज्या गोंधळासाठी विद्यार्थ्याला दोष दिला जातो, तो गोंधळ देवनागरीत मांडूनसुद्धा दाखवता येत नाही. तो रोमन लेखनपद्धतीचा गोंधळ आहे, विचाराचा नव्हे.

याच्या उलट बाजूलाही लक्ष दिले पाहिजे. देवनागरी काही भेद पुसते, तसे काही भेद राखतेही; आणि या बाबतीत मराठी व हिंदी यांचे मार्ग वेगळे आहेत. इंग्रजीतील दंत्योष्ठ्य आणि ओष्ठ्य अशा दोन ‘व’कारांतील फरक मराठी लेखनाने ‘व्ह’ आणि ‘व’ असा राखला : ‘व्हॅन’, ‘व्हिडिओ’, ‘व्होट’, पण ‘वॉर्ड’, ‘वॉच’, ‘वाइन’. हिंदीत ‘वैन’, ‘वीडियो’, ‘वोट’, ‘वार्ड’ असे सर्वत्र ‘व’च येते. त्यामुळे पश्चिम दिशा, टाकाऊ माल आणि कायद्यातील ‘हक्क निहित होणे’ या तिन्ही अर्थांचे तीन इंग्रजी शब्द हिंदीत ‘वेस्ट’ या एकाच रूपात येऊ शकतात. मराठीत तिसरा ‘व्हेस्ट’ म्हणून वेगळा राहतो. तीच गोष्ट स्वरांची. मराठीने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वर लेखनात आणले आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ते वर्णमालेत अधिकृतपणे समाविष्ट झाले. हिंदीत ‘ऐ’चा प्रमाण उच्चार मराठीतील ‘ऐ’सारखा संयुक्त नाही; म्हणून ‘बैंक’ हे लेखन तेथे पुरेसे ठरते. मानेसरच्या रस्त्यावरील पाटी वाचणारा मराठी माणूस मात्र तेथे ‘बइंक’ असे काहीसे वाचतो. लिपी एक, अक्षर एक, उच्चार दोन. सदृशतेचा फसवेपणा केवळ इंग्रजीची मक्तेदारी नाही, हे येथेच ध्यानात येते.

३. अर्थविभागणीचा नियम

दुसऱ्या प्रकारातील जोड्या एका मुळातून फुटलेल्या आहेत. विवेकी किंवा मितभाषी या अर्थाचा ‘डिस्क्रीट’ आणि सुटा, पृथक् या अर्थाचा ‘डिस्क्रीट’ हे दोन्ही एकाच लॅटिन कृदन्तापासून आले. लेखनभेद पुढे रूढ झाला आणि अर्थभेदाला त्याने कुंपण घातले. पूरक या अर्थाचा आणि प्रशंसा या अर्थाचा असे दोन्ही ‘कॉम्प्लिमेंट’ मुळात एकच. दुसरा रोमान्स भाषांच्या दरबारी शिष्टाचारातून फिरून इंग्रजीत आला. मध्ययुगीन विद्यापीठांच्या परिसरात फिरत्या विक्रेत्यांहून वेगळा, एका जागी दुकान मांडून बसणारा ग्रंथविक्रेता म्हणजे ‘स्टेशनर’. त्याच्याकडील माल म्हणजे स्टेशनरी. याचा अर्थ असा की, ज्या दोन शब्दांत गल्लत करू नये म्हणून विद्यार्थ्यांना बजावले जाते, ते सख्खे भाऊ आहेत.

मिशेल ब्रेआल यांनी १८९७ मधील आपल्या अर्थविचारविषयक ग्रंथात या प्रक्रियेला विभागणीचा नियम म्हटले. समानार्थी असलेले किंवा होऊ शकले असते असे शब्द भाषकसमूह नकळत वेगवेगळ्या कामांना जुंपतो. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात याच प्रवृत्तीचा, भाषेला लाभलेली संपत्ती म्हणून, पुरस्कार केला. मराठीच्या अभ्यासकाला हा नियम परका वाटू नये. ‘गर्भिणी’ आणि ‘गाभण’ हे एकाच शब्दाचे तत्सम व तद्भव अवतार. पण पहिला स्त्रीविषयी आणि दुसरा गाईम्हशींविषयी वापरायचा हे भान मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’, ‘चक्र’ आणि ‘चाक’, ‘कर्म’ आणि ‘काम’ या जोड्यांतही अशीच वाटणी झाली आहे. मराठी शिकणारा परभाषक ‘गाभण’ शब्द चुकीच्या ठिकाणी वापरील तेव्हा ऐकणारे हसतील किंवा रागावतील. त्याची अवस्था आणि ‘इकॉनॉमिकल पॉलिसी’ लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याची अवस्था तत्त्वतः एकच आहे. विभागणी ही समूहाची स्मृती असते. बाहेरून येणाऱ्याला ती नियमांनी मिळत नाही, सहवासाने मिळते.

या हास्याचे वाङ्मयीन रूपही जुने आहे. शेरिडनच्या १७७५ मधील ‘द रायव्हल्स’ या नाटकातील मिसेस मॅलाप्रॉप हिने अशा गल्लतींना आपले नाव दिले. तेथे हसणारा प्रेक्षक आणि बोलणारे पात्र एकाच भाषेचे आहेत, फक्त त्यांच्या शिक्षणात आणि प्रतिष्ठेत अंतर आहे. वसाहतीच्या भाषाव्यवहारात या हास्याची दिशा बदलते. ज्या भाषेत जन्म झाला नाही, त्या भाषेतील विभागणीचे भान नसल्याबद्दल माणूस हास्यास्पद ठरतो. बाबू इंग्रजीची थट्टा करणारे एकोणिसाव्या शतकातील लेखन याच वृत्तीचे अपत्य होय. गोंधळातून येणाऱ्या वैतागाचा उगम इथे आहे : शब्द चुकल्याच्या दुःखापेक्षा शब्दावरून तोलले गेल्याचे दुःख मोठे असते.

४. जमीन : संपादन, अधिग्रहण, अर्जन

आता तिसऱ्या प्रकाराकडे वळू. इंग्रजी कायद्यातील ‘अ‍ॅक्विझिशन’ आणि ‘रिक्विझिशन’ या शब्दांचा उच्चार आणि लेखन दोन्ही वेगळे आहेत. तरीही ते एकमेकांजवळ उभे राहतात, कारण दोन्हींत शासन खाजगी मालमत्ता सार्वजनिक कारणासाठी घेते. भेद मूलभूत आहे. पहिल्यात मालकी कायमची जाते आणि जमीन सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन शासनाकडे निहित होते. दुसऱ्यात मालकी मूळ मालकाचीच राहते. ताबा आणि वापर तेवढा काही काळ शासनाकडे जातो. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत हे दोन्ही विषय ४२ व्या नोंदीत शेजारीशेजारी ठेवलेले आहेत.

या भेदाचा कस महाराष्ट्रातच लागला. १९४८ च्या मुंबई राज्यातील रिक्विझिशन कायद्याखाली मुंबईतील अनेक निवासी जागा शासनाने घेतल्या. त्यांपैकी १९५१ साली घेतलेल्या एका जागेचे प्रकरण एच. डी. व्होरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८४ साली न्यायालयाने स्पष्ट केले की, तात्पुरत्या स्वरूपाची ही सत्ता तीस-तीस वर्षे चालवता येत नाही. कायमची गरज असेल तर शासनाने कायमच्या संपादनाचा मार्ग धरावा. १९९४ साली ग्राहक संस्था मंचाच्या प्रकरणात घटनापीठाने हाच विचार कायम केला. म्हणजे ‘रि’ आणि ‘अ‍ॅ’ या आरंभीच्या एका अवयवाच्या फरकावर मुंबईतील कितीतरी घरांचे भवितव्य अवलंबून होते.

भाषांतरात हा भेद कसा उतरला? महाराष्ट्राच्या प्रशासकीय मराठीत ‘अ‍ॅक्विझिशन’साठी ‘संपादन’ आणि ‘रिक्विझिशन’साठी ‘अधिग्रहण’ अशी वाटणी रूढ झाली. दुष्काळी भागातील कोणत्याही शेतकऱ्याला ‘विहीर अधिग्रहण’ हा शब्दप्रयोग परिचित आहे. तहसीलदार टंचाईच्या काळात खाजगी विहीर गावाच्या पाण्यासाठी घेतो, मालकाला मोबदला मिळतो आणि टंचाई सरली की विहीर पुन्हा मालकाची. निवडणुकीच्या कामासाठी वाहने अधिग्रहित होतात आणि मतदानानंतर परत मिळतात. ‘अधिग्रहण’ या मराठी शब्दात परतीची वाट गृहीत आहे.

विधिविषयक हिंदीनेही मूळ भेद काटेकोरपणे जपला. १९५२ च्या केंद्रीय कायद्याच्या हिंदी नावात ‘अधिग्रहण’ आणि ‘अर्जन’ हे दोन्ही शब्द आहेत. २०१३ च्या कायद्याचे हिंदी नाव ‘भूमि अर्जन’ या शब्दांनी सुरू होते. पण वृत्तपत्रांची आणि रस्त्यावरची हिंदी वेगळ्या मार्गाने गेली. तिने कायमच्या संपादनालाच ‘भूमि अधिग्रहण’ म्हटले. ‘अर्जन’ शब्द राजपत्रात राहिला, ‘अधिग्रहण’ लोकांच्या तोंडी आला. परिणामी मराठवाड्यातील शेतकऱ्याला ज्या शब्दातून परतीची हमी ऐकू येते, त्याच शब्दातून मानेसरच्या शेतकऱ्याला कायमचा वियोग ऐकू येतो. २०१५ साली संसदेत या विषयावरील विधेयक गाजत असताना मराठी वृत्तपत्रांतही ‘भूमी अधिग्रहण’ हा हिंदी वळणाचा प्रयोग सर्रास दिसू लागला. इंग्रजीत जो गोंधळ टाळण्यासाठी न्यायालयांनी कष्ट घेतले, तो हिंदीमार्गे मराठीत उतरला.

‘संपादन’ या शब्दाची दुसरीही एक गंमत आहे. मराठीत तो ग्रंथाच्या, नियतकालिकाच्या संस्काराचाही वाचक आहे. हिंदीत प्रामुख्याने त्याच अर्थाचा. त्यामुळे महाराष्ट्रातील ‘भूसंपादन अधिकारी’ हा हुद्दा हिंदी वाचकाला कोणी भूमीचा संपादक असल्यासारखा भासतो. संस्कृतात ‘संपादन’ म्हणजे सिद्धीस नेणे, मिळवणे. दोन्ही भाषांनी त्या बीजातून वेगवेगळी झाडे वाढवली.

मानेसरचे जमीन प्रकरण या शब्दांच्या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखे आहे. ऑगस्ट २००४ मध्ये मानेसर, नौरंगपूर आणि लखनौला या गावांतील सुमारे ९१२ एकर जमिनीच्या संपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाली. पुढे प्रक्रिया चालू असताना अनेक जमीनधारकांनी आपल्या जमिनी खाजगी विकासकांना विकल्या. २४ ऑगस्ट २००७ रोजी शासनाने संपादनाची प्रक्रियाच सोडून दिली. १२ मार्च २०१८ रोजी रामेश्वर विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय सत्तेचा कपटपूर्ण वापर ठरवून रद्द केला आणि त्या काळात हस्तांतरित झालेल्या जमिनींबाबत निवाडा झाला असे मानले. विकासकांनी मूळ जमीनधारकांना दिलेली किंमत ही भरपाई समजावी, असाही त्याचा आशय होता.

येथे शब्दांची उलथापालथ पाहा. खरेदीखतात जे ‘कन्सिडरेशन’ होते, ते निकालानंतर ‘कॉम्पेन्सेशन’ झाले. इंग्रजीच्या सामान्य वाचकाला पहिल्या शब्दातून ‘विचार’ एवढेच सुचते. विधिभाषेत तो ‘प्रतिफल’ म्हणजे व्यवहाराची किंमत. प्रतिफल स्वेच्छेच्या व्यवहारातून मिळते, भरपाई सक्तीच्या हानीबद्दल मिळते. तीच रक्कम, पण देणाऱ्या-घेणाऱ्याचे नाते बदलले. तसेच ‘अवॉर्ड’ या शब्दाचे. साहित्यव्यवहारात तो पुरस्कार. संपादनाच्या कायद्यात तो भरपाई ठरवणारा निवाडा. उत्तरेतील बोलचालीत ‘जमीन का अवार्ड’ असा प्रयोग होतो, तेव्हा तो शब्द इंग्रजीच राहतो आणि ऐकणाऱ्याला आपल्याला काय मिळाले हे शब्दातून कळत नाही. मराठीतील ‘निवाडा’ शब्द मात्र जाणत्या-नेणत्या सर्वांना समजतो. वाद होता, तो कोणीतरी तोडला, हे त्यात स्पष्ट आहे.

५. कारखाना : संप, टाळेबंदी, बंधपत्र

मानेसरची दुसरी ओळख तेथील मोटार कारखान्यामुळे आहे. मारुती सुझुकीच्या मानेसर येथील कारखान्यात जून २०११ मध्ये नव्या संघटनेच्या नोंदणीच्या मागणीवरून संप झाला. २९ ऑगस्ट २०११ पासून आत येण्यासाठी कामगारांनी सद्वर्तनाच्या ‘बॉण्ड’वर सही करावी अशी अट व्यवस्थापनाने घातली, काम संथ करणार नाही, उत्पादनात अडथळा आणणार नाही, अशा आशयाचे ते पत्र होते. अनेकांनी सही नाकारली आणि ते दाराबाहेर राहिले. ही कोंडी महिनाभराने, समझोत्यानंतर सुटली.

आता या महिन्याला काय म्हणावे? ‘स्ट्राइक’ म्हणजे कामगारांनी एकजुटीने काम थांबवणे. ‘लॉकआउट’ म्हणजे मालकाने कामाची जागा बंद करणे अथवा कामावर ठेवण्याचे नाकारणे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात या दोन्हींच्या व्याख्या स्वतंत्र होत्या. पण ‘अट मान्य करा, मग आत या’ असे म्हटले गेले आणि कामगार बाहेर थांबले, तेव्हा काम नाकारणारा कोण हे ज्याच्या-त्याच्या बाजूने ठरते. कामगारांनी त्याला टाळेबंदी म्हटले. शब्दाच्या निवडीवर त्या दिवसांचे वेतन आणि त्या कृतीची वैधता अवलंबून असते.

‘बॉण्ड’ या शब्दाकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. मराठीत त्याच्यासाठी निदान पाच शब्द आहेत. आरोपी सुटकेसाठी लिहून देतो तो मुचलका किंवा जातमुचलका. गुंतवणूकदार घेतो ते रोखे. विद्यार्थी किंवा कर्मचारी सेवेबद्दल लिहून देतो ते बंधपत्र. साधे आश्वासन ते हमीपत्र. आणि ‘बॉण्डेड लेबर’ मधील बंधन ते वेठबिगारीचे. सद्वर्तनाचे बंधपत्र ही कल्पना मुळात फौजदारी प्रक्रियेची. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणात शांतता आणि चांगली वर्तणूक यांसाठी बंधपत्र घेण्याची तरतूद होती. मराठी पोलिसी व्यवहारातील ‘चॅप्टर केस’ हा शब्द त्या प्रकरणाचाच. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि या तरतुदी नवव्या प्रकरणात गेल्या. कारखान्याच्या दारावर जेव्हा याच नावाचे पत्र पुढे येते, तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात ‘हमीपत्र’ असू शकेल. सही करणाऱ्याच्या कानी मात्र ‘मुचलका’ पडतो. हमीपत्र देणारा विश्वास देतो, मुचलका देणारा संशयित असतो. एका इंग्रजी शब्दाखाली झाकले गेलेले हे अंतर त्या वादातील कटुतेचे एकमेव कारण होते असे नव्हे. पण अपमानाची भावना कोठून येते हे समजण्यास ते साहाय्य करते.

या कारखान्यात १८ जुलै २०१२ रोजी झालेल्या हिंसाचारात मनुष्यबळ विभागाचे महाव्यवस्थापक अवनीश कुमार देव यांचा मृत्यू झाला. त्यानंतर व्यवस्थापनाने टाळेबंदी जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये काम पुन्हा सुरू झाले. मार्च २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने १४८ आरोपींपैकी ३१ जणांना दोषी ठरवले, ११७ जणांची निर्दोष मुक्तता केली आणि १३ जणांना जन्मठेप सुनावली. या टप्प्यावर वादाची भाषा औद्योगिक कायद्याकडून दंडविधानाकडे गेली. तेथेही ‘कल्पेबल होमिसाइड’ आणि ‘मर्डर’, म्हणजे ‘सदोष मनुष्यवध’ आणि ‘खून’, ही जोडी सामान्य वाचकाला एकच वाटते, परंतु शिक्षेच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे.

औद्योगिक परिभाषेतील आणखी एक जोडी मानेसरसारख्या नगरांत सतत उपस्थित असते : ‘ले-ऑफ’ आणि ‘रिट्रेंचमेंट’. १९४७ च्या कायद्यात ‘ले-ऑफ’ तात्पुरता होता. कोळसा, वीज, कच्चा माल यांचा तुटवडा किंवा यंत्रबिघाड अशा कारणांनी मालक काम देऊ शकत नाही, पण कामगाराचे नाव हजेरीपटावर राहते आणि पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. ‘रिट्रेंचमेंट’ म्हणजे नोकरीच संपणे. त्यासाठी नोटीस आणि प्रत्येक सेवावर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई. अमेरिकी प्रयोगाच्या प्रभावाने माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात आणि वृत्तपत्रांत ‘लेऑफ’ म्हणजे नोकरी जाणे असा अर्थ रुळला. कामगाराला ‘लेऑफ’ झाला असे सांगितले गेले, तर तो उद्या परत येण्याची वाट पाहील की हिशेब मागेल? जुन्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली. नव्या संहितेतही या दोन कल्पना वेगळ्याच आहेत.

याच संहितेने संपाची व्याख्या विस्तारली. पन्नास टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी ‘कॅज्युअल’ रजा घेतली तर तोही संप. ‘कॅज्युअल’ आणि ‘कॉझल’ ही इंग्रजीतील अक्षरांच्या अदलाबदलीने फसवणारी प्रसिद्ध जोडी : पहिला आकस्मिक, दुसरा कार्यकारणाचा. मराठीत ‘कॅज्युअल’ रजेला ‘नैमित्तिक’ म्हटले जाते, आणि ‘निमित्त’ म्हणजे तर कारण! धर्मशास्त्रातील नित्य-नैमित्तिक या विभागणीत ‘नैमित्तिक’ म्हणजे प्रसंगाने उद्भवणारे, हा अर्थ रजेला नेमका लागू पडतो. तथापि नव्या व्याख्येने असे सुचवले की पुष्कळांचे ‘निमित्त’ एकाच दिवशी आले तर त्याच्यामागे ‘कारण’ आहे असे समजावे. इंग्रजी शब्दजोडीतील दोन्ही टोके एका मराठी शब्दात एकत्र आली आहेत, आणि कायदा नेमका त्या सांध्यावर उभा आहे.

६. साहित्यविचारातील प्रतिबिंब

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने हा सारा प्रपंच न्यायालय आणि कारखाना यांच्यापुरता मानू नये. आपल्या परिभाषेतही तोच व्यापार चालू आहे. ‘इमॅजिनरी’ आणि ‘इमॅजिनेटिव्ह’ यांसाठी मराठीने ‘काल्पनिक’ आणि ‘कल्पक’ असे नेमके शब्द घडवले. परंतु ‘सेन्सिटिव्हिटी’ आणि ‘सेन्सिबिलिटी’ या दोन्हींसाठी ‘संवेदनशीलता’ हाच शब्द पुष्कळदा येतो. ‘संवेदनस्वभाव’ हा पर्याय समीक्षेत उपलब्ध असूनही क्वचितच वापरला जातो. त्यामुळे एखाद्या कवीची ‘आधुनिक संवेदनशीलता’ म्हणताना तो हळवा आहे की त्याची अनुभवग्रहणाची घडण आधुनिक आहे, हे संदिग्ध राहते.

भाषाभगिनींमधील फसवे साम्य याहूनही सूक्ष्म असते. केस्लर आणि देरोकिन्यी यांनी १९२८ साली फ्रेंच वाचकांसाठी इंग्रजी शब्दांच्या दगाबाजीवर ग्रंथ लिहिताना अशा शब्दांना ‘खोटे मित्र’ म्हटले. मराठी व हिंदी यांच्यात असे मित्र पावलोपावली भेटतात. मराठीत ‘संशोधन’ म्हणजे नव्या ज्ञानाचा शोध, हिंदीत दुरुस्ती. म्हणून मराठीतील ‘घटनादुरुस्ती’ हिंदीत ‘संविधान संशोधन’ होते, आणि मराठी ‘संशोधक’ हिंदी वाचकाला दुरुस्ती करणारा वाटतो. मराठी ‘परीक्षण’ पुस्तकाचे असते, हिंदी ‘परीक्षण’ बहुधा शस्त्राचे किंवा यंत्राचे. मराठीत ‘टीका’ दोष दाखवते, हिंदीत ती ग्रंथाचा अर्थ उलगडते; आणि हिंदीतील ‘आलोचना’ म्हणजे आपली ‘समीक्षा’. मराठी ‘शिक्षा’ दंड, हिंदी ‘शिक्षा’ विद्या. इतकेच काय, ‘बहुधा’ म्हणजे मराठीत संभवतः आणि हिंदीत वारंवार. वरील वाक्यातील ‘बहुधा’ हिंदी अनुवादकाने जसाच्या तसा ठेवला तर विधानाचा निश्चितपणाच बदलेल.

‘देशीयता’ या संकल्पनेचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या विचाराला इंग्रजीत ‘नेटिव्हिझम’ हे नाव मिळाले. इंग्रजीत हा शब्द आधीच दोन ठिकाणी गुंतलेला होता : अमेरिकी राजकारणात स्थलांतरितांना विरोध करणारी भूमिका, आणि मानसशास्त्र व भाषाविज्ञानात जन्मजात क्षमतेचा सिद्धान्त. देशीयतेची बाजू घेणाऱ्याला वा तिच्यावर आक्षेप घेणाऱ्याला या उपऱ्या अर्थांशी झुंजावे लागते. वादातील काही उष्णता विचारांची आहे, काही मात्र केवळ शब्दाच्या निवडीने आली आहे.

७. कोशपरंपरा आणि पुढील मार्ग

शब्दांच्या वाटणीची चिंता मराठीला नवी नाही. शिवकाळातील ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसी प्रशासकीय शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. बडोदे संस्थानात १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ने राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांसमोर अनेक भारतीय भाषांतील पर्याय एकाच ओळीत मांडले. भाषांनी एकमेकींकडे पाहून शब्द निवडावेत, ही दृष्टी त्यामागे होती. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि परिभाषाकोशांची मालिका उभी राहिली. केंद्रात १९६१ मध्ये शब्दावली आयोग आला.

या प्रयत्नांची एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. बहुतेक कोश एका इंग्रजी शब्दासमोर एक प्रतिशब्द देतात. शब्द मात्र एकटा जगत नाही, तो शेजाऱ्यांच्या तुलनेत अर्थ धरतो. ‘अधिग्रहण’चा अर्थ ‘संपादन’ शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. ‘मुचलका’ आणि ‘हमीपत्र’ एकत्र दाखवल्याशिवाय ‘बॉण्ड’चे भाषांतर होत नाही. म्हणून पुढील काळातील कोशांची नोंद जोडीची किंवा गटाची असावी : एका बाजूस इंग्रजीतील सदृश शब्द, दुसऱ्या बाजूस मराठीतील आणि हिंदीतील वाटणी, आणि प्रत्येकासोबत तो शब्द लागू झाल्याने काय मिळते व काय जाते याचे एक वाक्य. कल्पतरूची आडवी मांडणी आणि ब्रेआल यांचा विभागणीचा नियम यांचा मेळ घातला तर असे काम अशक्य नाही. भारतीय भाषांच्या तुलनात्मक अभ्यासकांकडे त्यासाठी लागणारी दृष्टी आणि साधने दोन्ही आहेत.

८. समारोप

इंग्रजीतील सदृश शब्दजोड्या या एकजिनसी गोष्ट नाहीत. लिपीतून आलेला गोंधळ लिपी बदलताच विरतो. त्याच्यासाठी विद्यार्थ्याचा फार छळ करण्याचे कारण नाही. अर्थविभागणीतून आलेला गोंधळ भाषेचा इतिहास समजला की सुसह्य होतो. पण भाषांतरातून उतरणारा गोंधळ आपोआप विरत नाही, कारण तो लक्षातच येत नाही. प्रत्येक भाषेत तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्यात लपलेला असतो. विहीर परत मिळेल असे सांगणारा शब्द आणि जमीन परत मिळणार नाही असे सांगणारा शब्द एकच असेल, तर चूक दाखवायला लाल शाई उपयोगी पडत नाही. तेथे दोन भाषा शेजारी ठेवून वाचणारा वाचक लागतो, आणि तसा वाचक घडवणे हेच तुलनात्मक अध्ययनाचे काम आहे.